उष्ण प्रदेशातील नवागत कुटुंब : वालूरच्या बारवेच्या निमित्ताने काही विचार

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेस सुमारे चार अंशांवर वसले आहे. मे महिन्याच्या मध्यास एकदा आणि जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा एकदा मध्यान्हीचा सूर्य येथे थेट माथ्यावर येतो. पैकी जुलैतल्या सूर्यास बहुधा ढग झाकून टाकतात; मेमधील सूर्यास झाकणारे काही नसते. या काळात पारा चाळीस अंशांच्या वर जाणे हा येथील नित्याचा अनुभव होय. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत ‘उष्ण कटिबंध’ हा शब्द नकाशावरील दोन रेषांमधील पट्टा म्हणून येतो. तान्हे मूल मांडीवर असलेल्या स्त्रीच्या दृष्टीने मात्र तो पट्टा दुपारच्या बारापासून चारपर्यंत मुलाला कोठे निजवावे, या प्रश्नाच्या रूपाने अवतरतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अर्थाचाच विचार करावयाचा आहे.

वालूर आज अभ्यासकांना ठाऊक आहे ते तेथील चक्राकार बारवेमुळे. बहुतेक बारवांमध्ये पायऱ्या सरळ किंवा काटकोनात उतरतात. येथे त्या वर्तुळाकार वळण घेत पाण्याकडे जातात. गाळाने व झुडपांनी भरून गेलेली ही बारव अलीकडच्या वर्षांत ग्रामस्थांनी श्रमदानाने मोकळी केली. शिल्पाच्या दृष्टीने तिची चर्चा होते तशीच गृहव्यवस्थेच्या दृष्टीनेही होणे अगत्याचे आहे. दगडी पायऱ्यांनी खाली उतरणारा मनुष्य उन्हातून सावलीत, सावलीतून ओलाव्यात आणि ओलाव्यातून पाण्यापर्यंत जातो. जमिनीच्या पोटातील दगड दिवसभराच्या उन्हाने तापत नाही, आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनाने आतील हवा थंड राहते. पाणी नेण्याचे ठिकाण आणि दुपार घालविण्याचे ठिकाण अशी दोन्ही कामे एकाच बांधकामाने साधत.

घराचीही तीच कथा. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे माळवद. जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा भरगच्च थर. खिडक्या नाममात्र, उजेड यावयाचा तो माळवदास ठेवलेल्या भोकातून. अशा घरात प्रथमच शिरणाऱ्या शहरी पाहुण्यास ते कोंदट वाटते, पण त्यामागील हिशेब पक्का आहे. मातीचा जाड थर दिवसाची उष्णता शोषून घेतो आणि ती आत पोचण्यास कित्येक तास लावतो. ती आत पोचते तेव्हा सूर्य मावळलेला असतो आणि घरातील माणसे अंगणात बाजेवर किंवा माळवदावरच अंथरूण टाकून निजलेली असतात. घर दिवसा राहण्याचे आणि छत रात्री राहण्याचे, असा हा दिवसाच्या चोवीस तासांचा वाटा होता. त्याच्या जोडीला पहाटे शेत, दुपारी विसावा, ताक, आंबील, कैरीचे पन्हे, रांजणातील पाणी, बाळाला तेल लावून पहाटेच घातलेली आंघोळ. या गोष्टी कोणी कोणास ‘शिकविल्या’ असे म्हणता यावयाचे नाही. त्या सासूकडून सुनेकडे आपोआप जात.

ज्या कुटुंबास अशी सासू नाही आणि अशी बारव नाही त्याचे काय होते? याचे उत्तर मराठी मुलुखात एकोणिसाव्या शतकात आलेल्या परदेशी कुटुंबांच्या वृत्तांतांत सापडते. ही माणसे राज्यकर्त्यांच्या वर्गातील किंवा त्या वर्गाच्या आश्रयाने राहणारी होती, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या घरी नोकर होते, त्यांना रजा मिळे, परतीचे जहाज मिळे. तरीही मुलांच्या बाबतीत हे सारे पुष्कळदा व्यर्थ ठरले, आणि म्हणूनच त्यांचे उदाहरण उद्बोधक आहे.

सर्वांत जुने उदाहरण अमेरिकन मराठी मिशनचे. १८१२ साली जी तरुण मंडळी अमेरिकेहून निघाली तीत सॅम्युएल न्यूएल व त्याची पत्नी हॅरिएट हे जोडपे होते. बंगालमध्ये राहण्याची परवानगी कंपनी सरकारने नाकारल्यामुळे ते मॉरिशसकडे वळले. वाटेत जहाजावर हॅरिएटला मुलगी झाली आणि ती लगेच दगावली. पाठोपाठ ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुई येथे हॅरिएटही वारली. तिचे वय १९ वर्षांचे होते. सॅम्युएल पुढे मुंबईस आला आणि १८२१ साली पटकीने मरण पावला. त्याचा सहकारी गॉर्डन हॉल फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोचला. बरोबर आलेले सॅम्युएल व रोक्साना नॉट हे दांपत्य प्रकृतीच्या कारणाने १८१५ साली परत गेले. हॉल मात्र टिकला. त्याने मराठी आत्मसात केली व मुंबईतच विवाह केला. १८२५ साली त्याने पत्नीला व दोन मुलांना अमेरिकेस पाठविले ते मुले जगावीत म्हणून. थोरला मुलगा समुद्रावरच वारला. स्वतः हॉल पुढल्या वर्षी, २० मार्च १८२६ रोजी, त्र्यंबकेश्वराच्या परिसरात प्रवासात असता पटकीने मरण पावला. पटकीची साथ पसरलेल्या मुलुखात तो औषधे वाटीत हिंडत होता.

स्कॉटलंडहून आलेले जॉन व मार्गारेट विल्सन यांचा संसार याहून स्थिर होता. १८२८ साली विवाह करून हे दांपत्य फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईस उतरले आणि मराठी शिकण्यासाठी काही काळ कोकण किनाऱ्यावर हर्णै-बाणकोटच्या बाजूस राहिले. मार्गारेटने मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या, त्या मराठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात आरंभीच्या शाळांत गणल्या जातात. शाळा आणि घर या दोन्ही जबाबदाऱ्या तिने एकाच वेळी उचलल्या. १९ एप्रिल १८३५ रोजी, म्हणजे मुंबईत येऊन सहा वर्षे पुरी झाल्यावर थोड्याच दिवसांत, ती वारली. मुलगा अँड्र्यू याचे बालपणातील शिक्षण स्कॉटलंडमध्ये व्हावे अशी व्यवस्था झाली. हाच अँड्र्यू पुढे हिमालयातील प्रवासवर्णनाचा लेखक म्हणून प्रसिद्धीस आला. जॉन विल्सन १८७५ पर्यंत, म्हणजे आणखी चाळीस वर्षे, मुंबईत कार्यरत राहिले. एकाच घरातील दोघांच्या आयुष्यात एवढे अंतर पडावे याचा दोष हवेला देऊन मोकळे होणे सोपे होते, आणि त्या काळी तोच दिला गेला.

येथे वैद्यकशास्त्राच्या तत्कालीन समजुतीकडे वळणे क्रमप्राप्त आहे. दलदलीतून व कुजक्या पदार्थांतून उठणाऱ्या दूषित वाफा रोग उत्पन्न करतात, हे मत त्या वेळी सर्वमान्य होते. त्यामुळे गृहव्यवस्थेतील सर्व दक्षता हवेविरुद्ध घेतली गेली. बंगला उंच जोत्यावर बांधावयाचा, भोवती रुंद व्हरांडा ठेवावयाचा, रात्रीची हवा टाळावयाची, डोक्यावर शोल्याच्या गाभ्याची टोपी घालावयाची. पटकी होऊ नये म्हणून पोटाभोवती फ्लॅनेलचा पट्टा बांधण्याची चाल तर शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. भर उन्हाळ्यात लोकरीच्या पट्ट्याने पोट गुंडाळलेले मूल ही त्या काळच्या बंगल्यांतील सामान्य गोष्ट होती! पाणी मात्र माठात गार झाले की शुद्ध मानले जाई. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नो याने लंडनमध्ये १८५४ साली दाखविले. रॉबर्ट कॉख याने पटकीचे जंतू कलकत्त्यास १८८४ साली निश्चित केले. हिवतापाचे परजीवी डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस यास आढळले ते २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबाद येथे. म्हणजे वालूर ज्या निजामी राज्यात होते त्याच राज्याच्या राजधानीच्या शेजारी. तोवर जी कुटुंबे जगली ती बव्हंशी योगायोगाने जगली. याला एक मोठा अपवाद देवीच्या लसीचा. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती लस यशस्वीपणे टोचली गेली, आणि तिच्या दंडावरील फोडातील लस पुढे अन्य प्रांतांत गेली. उष्ण देशात आलेल्या युरोपीय घरातील एका मुलीच्या अंगावरून एतद्देशीय मुलांचे संरक्षण सुरू झाले, ही घटना या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

वालूरच्या अधिक जवळ यावयाचे तर हिंगोलीच्या छावणीकडे वळावे लागते. हिंगोली १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होती, आणि एकोणिसाव्या शतकात तेथे निजामाच्या फौजेची छावणी होती. फिलिप मेडोज टेलर हा १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मलेला इंग्रज पंधरा वर्षांचा असताना मुंबईस आला आणि १८२४ साली निजामाच्या चाकरीत शिरला. तुळजापूर, हिंगोली, शोरापूर, नळदुर्ग असा त्याचा चाकरीचा प्रवास आहे. आयुष्याचा फार मोठा भाग मराठवाड्यात व त्याच्या सीमेवर काढलेला असा दुसरा इंग्रज लेखक क्वचितच आढळेल. १८३०-४० च्या आरंभी हिंगोलीच्या बाजाराची जबाबदारी त्याच्याकडे होती. ठगांच्या प्रकरणाशी त्याचा तेथे आलेला संबंध आणि त्यावरील त्याची १८३९ ची कादंबरी प्रसिद्धच आहेत. पण तो स्वतंत्र विषय होय.

टेलरच्या संसाराचे वैशिष्ट्य त्याच्या पत्नीत आहे. मेरी पामर ही हैदराबादचा सुप्रसिद्ध पेढीवाला विल्यम पामर याची मुलगी, आणि विल्यमची आई हिंदी मुसलमान कुळातील. तेव्हा १८३२ साली जो विवाह झाला त्यात नवरा नवागत आणि बायको याच मातीतील होती. हवामानाशी जुळते घेण्याचा प्रश्न रक्ताने किंवा जन्माने सुटत असता तर तो या घरात सुटावयास हवा होता. तो सुटला नाही. दशकाच्या अखेरीस टेलरलाच ज्वराने खंगून दीर्घ रजेवर मायदेशी जावे लागले. मेरी १८४४ साली वारली. मुली इंग्लंडमध्ये वाढल्या, आणि बाप १८६० पर्यंत येथेच राहिला. त्यांपैकी ॲलिसने बापाचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली प्रकाशात आणले. नळदुर्गास असताना टेलरने किल्ल्यातील जुन्या इमारतीतच मुक्काम केला. तेथील आदिलशाही बांधणीच्या पाणीमहालात बोरी नदीचे पाणी दालनांसमोरून कोसळते. छावणीतील आखीव बंगल्यापेक्षा तेथील वास्तू हवामानास अधिक अनुरूप होती. परंतु तेव्हा ज्यांच्यासाठी गारव्याची निकड होती ती माणसे त्या घरात नव्हती.

यानंतर मुंबईतील एका घराचा विचार थोडा सविस्तर करावयास हवा, कारण त्या घरातील मुलानेच त्याची हकीकत पुढे लिहिली. जॉन लॉकवुड किपलिंग हा यॉर्कशायरमधील कारागीर-शिल्पकार सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत अध्यापक म्हणून १८६५ साली नेमला गेला. मार्चमध्ये त्याचा ॲलिस मॅक्डोनाल्ड हिच्याशी विवाह झाला आणि मे महिन्यात हे जोडपे मुंबईस उतरले; म्हणजे नेमक्या त्या महिन्यात ज्याचे वर्णन या लेखाच्या आरंभी आले आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध नुकतेच संपले होते, कापसाचे भाव कोसळले होते आणि मुंबईच्या पेढ्या बुडत होत्या. उकाड्याच्या जोडीला महागाई आणि अनिश्चितता यांनी या संसाराचा आरंभ झाला. ३० डिसेंबर १८६५ रोजी पहिला मुलगा रूडयार्ड जन्मला. ते बाळंतपण इतके अवघड गेले की दुसऱ्या वेळी ॲलिस इंग्लंडला गेली, आणि तेथे १८६८ साली मुलगी झाली. तिसरे अपत्य १८७० साली जन्मून लगेच वारले.

रूडयार्डने आपल्या अखेरच्या काळात लिहिलेले आत्मवृत्त १९३७ साली प्रसिद्ध झाले. त्यात या घराचा दिनक्रम दिसतो तो मुलाच्या उंचीवरून. गोव्याकडची रोमन कॅथलिक आया आणि मीता नावाचा हिंदू नोकर यांच्या हाती मुले असत. पहाटेच्या गारव्यात आया त्यांना फळबाजारात नेई; दुपारी डोळा लागण्यापूर्वी आया किंवा मीता गोष्टी आणि गाणी सांगत; संध्याकाळी समुद्रकाठी फेरी होई. वाटेत आया रस्त्याकडेच्या क्रुसापाशी प्रार्थना करी, तर मीता मुलाचे बोट धरून त्याला देवळात नेई. मुले नोकरांच्या भाषेत बोलत आणि तिच्यातच विचार करीत. आईबापांसमोर जाताना त्यांना इंग्रजी बोलण्याची आठवण करून द्यावी लागे, आणि मग ती मनातल्या मनात भाषांतर करून अडखळत बोलत. म्हणजे पहाट, विसावा आणि सायंकाळ असा जो दिनक्रम वालूरच्या माळवदाखाली चालत असे, तोच या इंग्रज घरात आयेच्या वाटेने शिरला होता. सासूची जागा येथे आयेने भरून काढली होती.

येथेच या घराची अडचण उत्पन्न झाली. मुले हवामानाशी जितकी जुळली तितकी ती आईबापांच्या भाषेपासून दूर गेली. त्या काळच्या आंग्ल-हिंदी समाजात मुलांना सहा वर्षांच्या आत स्वदेशी पाठविण्याची रूढी होती. कारण म्हणून उघडपणे ताप आणि ऊन सांगितले जाई. न सांगितलेले कारण म्हणजे आयेची भाषा आणि आयेचे संस्कार. १८७१ साली किपलिंग दांपत्याने दोन्ही मुलांना साउथसी या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गावी, पैसे घेऊन मुले सांभाळणाऱ्या एका परक्या कुटुंबाकडे ठेवले आणि ते मुंबईस परतले. आपण परत येणार नाही हे मुलांना सांगण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. मुलगी तेव्हा तीन वर्षांची आणि मुलगा सहाव्या वर्षात होता. आई पुन्हा भेटली ती १८७७ साली. मधल्या काळात मुलाने सोसलेला छळ त्याच्या १८८८ च्या एका कथेत आणि पुढे आत्मवृत्तात आला आहे. ज्या रूढीने मुलांचा जीव वाचविण्याचा दावा केला तिने कदाचित जीव वाचविला असेलही; तिसऱ्या अपत्याच्या मृत्यूनंतर तसे वाटणे आईबापांस स्वाभाविक होते. पण घर मोडले ते हवामानाने नव्हे, हवामानावरील उपायाने. १८८२ च्या ऑक्टोबरात सोळा वर्षांचा रूडयार्ड मुंबईच्या धक्क्यावर उतरला तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप देशी भाषेतील वाक्ये बाहेर पडू लागली. त्यांचा अर्थ मात्र त्याला ठाऊक नव्हता.

दुसरा उपाय डोंगराचा. महाबळेश्वर १८२८-२९ च्या सुमारास सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत आरोग्यस्थान म्हणून वसविले गेले, आणि माथेरान १८५० साली ह्यू मॅलेट याच्या दृष्टीस पडले. ज्यांना वर्षातून दोन महिने काम सोडणे परवडे त्यांच्यापुरता तो उपाय होता. वालूरच्या कुळवाड्यास किंवा बंगल्यात पंखा ओढणाऱ्या गड्यास त्याचा काही उपयोग नव्हता.

आतापर्यंतच्या विवेचनावरून असा समज होण्याचा संभव आहे की नवागतांचे सारे चुकले आणि स्थानिकांचे सारे बरोबर होते. तसे मानणे हे सत्यास धरून होणार नाही. पटकी, देवी आणि हिवताप यांनी वालूरसारख्या गावांतील मुलांना बंगल्यातील मुलांहून अधिक नेले, आणि त्यांच्या थडग्यांवर नावे कोरलेली नाहीत. शिवाय ज्या दोन वास्तूंचे कौतुक आरंभी केले त्या दोन्हींना स्वतःची किंमत होती.

पायऱ्यांची विहीर ही नारूची विहीर असते. नारू झालेला मनुष्य पाण्यात पाय बुडवितो तेव्हा त्याच्या जखमेतून जंताची सूक्ष्म पिल्ले पाण्यात सुटतात. त्यांना सायक्लोप्स हा पाण्यातील बारीक जीव गिळतो. तो जीव पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात जातो, आणि सुमारे एक वर्षानंतर त्या माणसाच्या पायातून हातभर लांबीचा किंवा त्याहूनही लांब जंत बाहेर पडू लागतो. सायक्लोप्सचा हा भाग रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको याने १८७० च्या सुमारास उलगडला. नारू सहसा मारीत नाही. तो ऐन कामाच्या दिवसांत माणसास अंथरुणास खिळवितो. पोहऱ्याने पाणी शेंदण्याच्या आडात माणूस उतरत नाही, म्हणून तेथे हे चक्र तुटते. बारवेत ते सुखेनैव चालते, कारण बारवेचा सर्व गुणच मुळी माणसाने खाली उतरावे यात आहे. भारत सरकारने १९८३-८४ पासून नारू-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तेव्हा महाराष्ट्र हे रोगग्रस्त राज्यांपैकी एक होते. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे किंवा त्यांचे आडात रूपांतर करणे, हातपंप बसविणे, पाणी फडक्याने गाळणे, औषध टाकणे हे त्यातील प्रमुख उपाय. देशातील अखेरचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. आज बारवांचे पुनरुज्जीवन करणाऱ्यांना त्यांत निर्धास्तपणे उतरता येते ते या मोहिमेमुळे. वारसाप्रेमाच्या उत्साहात याचा उल्लेख फारसा होत नाही.

माळवदाची किंमत याहून भीषण होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस केंद्र असलेला भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचा कित्येक मणांचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर माणसे उशिरा घरात येऊन निजली होती. उन्हाळ्यात जो थर मुलांना सावली देत होता तोच त्यांच्यावर पडला. त्यानंतर माळवद हा शब्द सबंध मराठवाड्यात धास्तीचा झाला, आणि ज्याला शक्य झाले त्याने पत्र्याचे किंवा सिमेंटच्या छताचे घर बांधले.

परिणामी वालूरमध्ये आज जे तरुण कुटुंब नवे घर बांधते ते उष्णतेच्या बाबतीत काहीसे नवागतच आहे. पातळ सिमेंटचे छत दुपारी तापते आणि ती उष्णता रात्री, माणसे निजण्याच्या वेळीच, खाली सोडते. पत्रा त्याहून लवकर तापतो, मात्र लवकर निवतो. माळवदाचा दिवस-रात्रीचा वाटा अशा घरास लागू पडत नाही. छतावर निजणे हा एक भाग उरला आहे, पण त्यासाठी जिना आणि कठडा हवा, व तान्ह्या मुलाची आई तेथे सहसा जात नाही. विजेचा पंखा खोलीतील तापलेलीच हवा फिरवितो. विजेचा पुरवठा खंडित झाला म्हणजे तोही थांबतो. बाळाला पहाटे आंघोळ घालण्याची पद्धत, ताक आणि पन्हे हे टिकून आहेत. एकाच गावात, एकाच आठवड्यात, माळवदाखालील, सिमेंटच्या छताखालील आणि पत्र्याखालील खोल्यांचे तापमान दर दोन तासांनी नोंदवून ते बाळंतिणीच्या व तान्ह्या मुलाच्या झोपेच्या वेळांशी ताडून पाहणे, हे काम भूगोल किंवा गृहशास्त्र विभागाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका उन्हाळ्यात पुरे करता येण्याजोगे आहे. वालूरमध्ये त्यासाठी चौथे मोजमाप बारवेच्या तळाशी घ्यावे.